निघालो बहामाला, पोचलो बोस्टनला!

पोहायचे कपडे, गॉगल, टोपी, चपला, उन्हाचं क्रीम. डिसेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कहून ‘एमएससी मेराविलिया’ या क्रूझ जहाजावर निघालेल्या बऱ्याच जणांच्या बॅगांत असलाच ऐवज भरलेला होता. साहजिकच आहे. न्यूयॉर्कमध्ये कडाक्याची थंडी आणि जहाज जाणार फ्लोरिडाला, तिथून बहामा बेटांना. म्हणजे निळं पाणी, पांढरी वाळू आणि छान ऊन.

आणि आयत्या वेळी कळलं, बहामा रद्द! आता जायचं बोस्टनला, मग मेन राज्यातल्या पोर्टलंडला आणि मग कॅनडातल्या सेंट जॉनला. दक्षिणेकडे जायचं ते जहाज चक्क उत्तरेला वळलं. डिसेंबरात तिकडे पारा शून्याच्या आसपास घुटमळत असतो. चपला आणि चड्ड्या घेऊन आलेल्या मंडळींना स्वेटर शोधत फिरायची वेळ आली. काही जण हसले, पुष्कळ जण भडकले. मीही भडकलोच असतो, खोटं कशाला बोलू?

पण कप्तानाला काय मौज म्हणून बोस्टन सुचलं नव्हतं. त्याच वेळी एक दांडगं वादळ फ्लोरिडाकडून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकत होतं. बहामाची वाट म्हणजे उघड्या समुद्रात दोनेक दिवस, आणि तेही थेट वादळाच्या तोंडी. उत्तरेकडची बंदरं मात्र थोड्या थोड्या अंतरावर होती. त्याच वादळात ‘कार्निव्हल सनशाइन’ नावाचं दुसरं जहाज बहामाहून चार्ल्स्टनला परत येत होतं. ते वादळात सापडलं. लाटांच्या तडाख्याने जहाजातल्या बोळांत पाणी शिरलं, आतल्या दुकानातला माल जमिनीवर लोळायला लागला आणि जहाज उशिराने बंदराला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी अवाढव्य जहाजं, ती वाऱ्याला कशाला घाबरतात? मेराविलिया 315 मीटर लांब आहे. उंची 65 मीटर, म्हणजे वीसेक मजली इमारतच. पण पाण्याखाली किती असते ठाऊक आहे? 9 मीटरसुद्धा नाही! बाकी सगळा डोलारा वर, वाऱ्यात. पावसाळ्यात वरळीच्या समुद्रावर छत्री उघडली की ती तुम्हालाच ओढत नेते ना, तसंच हे. छत्री जेवढी मोठी, तेवढी फरफट जास्त.

चला, ढोबळ हिशेब करू. जहाजाची वाऱ्याला आडवी येणारी एक बाजू 12 हजार चौरस मीटर धरा. वारा ताशी 36 किलोमीटरने वाहत असेल तर दर चौरस मीटरवर साधारण 6 किलोचा रेटा बसतो. 12 हजार गुणिले 6, म्हणजे 72 टन. आता वारा दुप्पट करा, ताशी 72 किलोमीटर. रेटा दुप्पट होईल असं वाटतं? नाही, तो चौपट होतो! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की प्रत्येक सेकंदाला येऊन आदळणारी हवाही दुप्पट होते आणि ती दुप्पट जोरात आदळते. दोन दुणे चार. झाले ना 288 टन? जहाजं ओढणारी एखादी दणकट टग साधारण 60-70 टनांचा जोर लावते. म्हणजे नुसतं या वाऱ्याला थोपवायला चार-पाच टग लागतील, आणि जहाज अजून तसूभर हललेलं नाही.

भर समुद्रात हा रेटा तितकासा नडत नाही. आजूबाजूला मैलोन् मैल मोकळं पाणी असतं, चार हात इकडे सरकलं तर बिघडतं काय? जहाज वाऱ्याकडे तोंड करून सावकाश पुढे जात राहतं. पण तेच जहाज बंदराच्या अरुंद वाटेतून आत न्यायचं आणि धक्क्याला अलगद टेकवायचं म्हटलं की घाम फुटतो. एका बाजूला दगडी धक्का, दुसऱ्या बाजूला उथळ पाणी आणि वरून 288 टनांची ढकलाढकली. जहाजाला खरी भीती असते ती किनाऱ्याची, हे ऐकून आपल्याला नवल वाटतं. आपला जीव जमिनीवर पाय टेकला की भांड्यात पडतो, त्याचं नेमकं उलटं!

नॉर्वेत काय झालं ते ऐका. मार्च 2019 मध्ये ‘व्हायकिंग स्काय’ हे जहाज ट्रॉम्सोहून स्टाव्हांगरला चाललं होतं. खराब हवेमुळे वाटेतलं बोडो बंदर त्याने गाळलं होतं. पुढे हुस्टाडविका नावाच्या खडकाळ भागापाशी जहाज इतकं डोलायला लागलं की इंजिनांच्या टाक्यांतलं वंगणतेल या कडेहून त्या कडेला हिंदकळू लागलं. टाक्यांत तेल आधीच कमी होतं. पंपाच्या तोंडाशी तेल येईना, हवा यायला लागली, आणि वंगण मिळत नाही म्हटल्यावर इंजिनं आपोआप बंद पडली. जहाजावर 1373 माणसं होती आणि वारा जहाजाला खडकांकडे ढकलत होता. नांगर टाकले, ते घसरत गेले. एकदा तर जहाज आणि खडक यांच्यात जहाजाच्या लांबीएवढंसुद्धा अंतर उरलं नव्हतं. कसंबसं एक इंजिन सुरू झालं आणि जहाज वाचलं. तरी धोका टळला नव्हता, म्हणून हेलिकॉप्टरांनी माणसं एकेक करून दोराने वर उचलली. असे एकूण 479 जण उचलले. हीच इंजिनं भर समुद्रात बंद पडली असती, तर सगळे पोटातून ढवळून निघाले असते, पण खडक तरी नसते!

बंदरात शिरण्याच्या वाटेवर आणखी एक अडचण असते. मोठं जहाज कुठल्याही बंदरात आपलं आपण घुसत नाही. त्या बंदराचं पाणी, गाळ, प्रवाह ज्याला पाठ आहेत असा पायलट बाहेर समुद्रात जहाजावर चढतो आणि कप्तानाला वाट सांगतो. तो चढतो कसा? छोट्या बोटीतून येतो, चालत्या जहाजाच्या कुशीला लागतो आणि दोराच्या शिडीला लटकतो. शिडीला लाकडी पायऱ्या असतात. मधेमधे एखादी पायरी मुद्दाम खूप लांब ठेवलेली असते, म्हणजे शिडीला पीळ बसत नाही. अशा शिडीवरून 9 मीटरपेक्षा जास्त चढायला लावायचं नाही, असा जगभर नियम आहे. आता खालची बोट लाटेवर दोन-तीन मीटर वर-खाली होत असेल तर? पायलटाने बोट वर आली की नेमक्या क्षणी शिडी पकडायची असते. क्षण चुकला तर बोट आणि जहाज यांच्या मधोमध! म्हणून लाटा फार असल्या की पायलट येत नाही. आणि तो आला नाही की पाच हजार माणसांचं जहाज दारातून परत फिरतं.

काही ठिकाणी तर क्रूझ जहाजांसाठी धक्काच नसतो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर जहाज लांब उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जातात. तिथे कधी कधी भलतीच गंमत होते. आकाश निरभ्र, वारा नाही, बेट समोर दिसतंय, आणि कप्तान सांगतो की आज उतरता येणार नाही! लोकांना वाटतं, हा आळस करतोय. पण शेकडो किलोमीटर दूर कुठेतरी वादळ झालेलं असतं. तिथे उठलेल्या लांबच लांब लाटा ताशी 40 किलोमीटरच्या आसपास धावत इथवर येतात. वादळ स्वतः बहुधा त्याहून हळू चालतं, म्हणून लाटा आधी पोचतात आणि वादळ मागून येतं, किंवा येतच नाही. अशा लाटेवर छोटी बोट जहाजाच्या दारापाशी वर-खाली नाचते. त्यात एखाद्या आजींना चढवायचं म्हणजे पाय मोडायचा कार्यक्रम. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असते ना, तिथेही हीच भानगड. अलिबाग काही दूर गेलेलं नसतं, पण बोट जेट्टीला लागू देत नाही.

मग वादळाशी गाठच पडू द्यायची नाही, असं करता येतं का? बहुतेक वेळा येतं! कॅरिबियनमधली चक्रीवादळं साधारण ताशी 15 ते 25 किलोमीटरने सरकतात. आतला वारा दोनशेच्या वेगाने गरगरत असेल, पण अख्खं वादळ मात्र सायकलच्या वेगाने चालतं. आणि क्रूझ जहाज? 22 नॉट, म्हणजे ताशी 40 किलोमीटर. जहाज वादळाला सहज मागे टाकतं. म्हणूनच पूर्वेकडच्या सेंट थॉमस, सेंट मार्टिनची तिकिटं काढलेल्यांना कित्येकदा पश्चिमेकडचं कोझुमेल बघायला मिळतं. न्यूयॉर्ककडची हिवाळी वादळं मात्र वेगळी. ती कधी कधी ताशी 50-60 किलोमीटरने आणि त्याहूनही जोरात पळतात. त्यांच्याशी शर्यत नको, आधीच बाजूला व्हायचं.

पण वादळ उद्या नेमकं कुठे असेल हे कुणाला पक्कं माहीत असतं? म्हणून खलाशांचा एक सोपा नियम आहे, 1-2-3. एक दिवसानंतरच्या अंदाजात 100 सागरी मैलांची चूक धरायची, दोन दिवसांनंतरच्या अंदाजात 200 आणि तीन दिवसांनंतरच्या अंदाजात 300, म्हणजे सुमारे 555 किलोमीटर. वादळाचा सोसाट्याचा वारा जिथवर पसरलेला असेल, त्याच्या पलीकडे आणखी एवढी जागा सोडायची. नकाशावर हे वर्तुळ काढून बघा, निम्मी बेटं त्यात झाकली जातात. त्यातही उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे ते ज्या दिशेने चाललंय तिच्या उजव्या बाजूला वाऱ्यात वादळाच्या चालीचीही भर पडते. उजवी बाजू टाळा, हे कप्तानांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं.

जहाज पळालं तरी बंदराला पळता येत नाही. अमेरिकेत तटरक्षक दल बंदरांना चार इशारे देतं: व्हिस्की, एक्स-रे, यांकी आणि झुलू. सोसाट्याचा वारा 72 तासांत येण्याची शक्यता असली की व्हिस्की, 48 तासांत एक्स-रे, 24 तासांत यांकी. 12 तास उरले की झुलू, म्हणजे बंदराला कुलूप. गंमत म्हणजे त्याआधीच मोठ्या जहाजांना बंदर सोडून समुद्रात जायला सांगतात! धक्क्याला बांधलेलं जहाज वादळात धक्क्यावरच आपटत राहील, त्यापेक्षा ते बाहेर बरं. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मिल्टन’ चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं तेव्हा टँपा आणि कॅनव्हेरल ही बंदरं अशीच बंद झाली आणि कितीतरी जहाजांची वेळापत्रकं कोलमडली. आपल्याकडेही बंदरांवर 1 ते 11 नंबरचे इशारे असतात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे कोकणातल्या मुलांना मी वेगळं समजावून सांगायला नको.

वादळ गेलं की लगेच बंदर उघडतं असंही नाही. पुराबरोबर गाळ येतो, वाट दाखवणारे तरंगते बोये जागचे हलतात, पाण्याखाली ओंडके नाहीतर बुडालेल्या बोटी पडलेल्या असतात. आधी खोली मोजायची, वाट साफ करायची, मग जहाजं आत. ऑगस्ट 2017 मध्ये ‘हार्वे’ चक्रीवादळात टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन बंदर बंद झालं तेव्हा सहलीहून परतणारी जहाजं बाहेरच अडकली. सहल संपली, पण घरी जाता येईना! ‘कार्निव्हल फ्रीडम’ आणि ‘कार्निव्हल व्हॅलर’ शेवटी अन्नपाणी भरून घ्यायला न्यू ऑर्लिन्सला गेली. सुट्टी फुकटात वाढली म्हणून मुलं खूश झाली असतील. मोठ्यांना ऑफिस आठवलं असेल.

आणि काही ठिकाणी तर अख्ख्या मोसमाचंच वेळापत्रक वाऱ्यावर ठरतं. मुंबईहून गोव्याकडे फिरणारं ‘एम्प्रेस’ हे क्रूझ जहाज 2023 च्या पावसाळ्यात चेन्नईला गेलं आणि तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या करू लागलं. नैऋत्येचा वारा अरबी समुद्र नुसता घुसळून काढत असताना पश्चिम किनाऱ्यावर थांबून करायचं काय? कोळीबांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात, ते उगाच नाही.

आता एक खेळ सांगतो. जगातली जहाजं या क्षणी कुठे आहेत ते दाखवणारे नकाशे इंटरनेटवर मिळतात. मोठ्यांना मदतीला घ्या. सप्टेंबरच्या सुमारास अटलांटिकमध्ये चक्रीवादळं सर्वांत जास्त असतात, तेव्हा कॅरिबियन समुद्राचा नकाशा उघडा आणि फक्त प्रवासी जहाजं निवडा. वादळ असेल तर जहाजं एका बाजूला दाटलेली दिसतील. ती कुठून पळून आली असतील ते बघून वादळ नेमकं कुठे असेल याचा अंदाज बांधा, कागदावर पेन्सिलने फुली मारा, आणि मगच हवामान खात्याचा नकाशा उघडा. फुली 100 सागरी मैलांच्या आत पडली, तर पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही.