कमांड लाइनवरून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल : सेट, सेटएक्स आणि पाथची काळजी

वर्ध्यात जुन्या देवनागरी छापील पानांना तोटा नाही. राष्ट्रभाषा प्रचार समितीच १९३६ पासून इथे आहे. अशी पानं स्कॅन करून टेसरॅक्टकडून त्यातला मजकूर काढायला बसलं, की बऱ्याच जणांची गाडी सुरुवातीलाच अडते : मराठीची फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर असते! पण ती कुठल्या फोल्डरात आहे, हे टेसरॅक्टला कळायला हवं ना. ते सांगायचं टेसडेटा-प्रीफिक्स या व्हेरिएबलमधून (मध्ये अंडरस्कोर). आवृत्ती ४ पासून त्यात थेट टेसडेटा फोल्डरचा पत्ता देतात. आवृत्ती ३ मध्ये त्याच्या वरच्या फोल्डरचा द्यावा लागे.

विंडोजमध्ये 'सेट' कमांडने दिलेली किंमत त्या काळ्या खिडकीपुरती. 'सेटएक्स' ती रजिस्ट्रीत लिहून ठेवतं, म्हणून उद्याही टिकते. शेवटी 'स्लॅश एम' जोडलं की ती अख्ख्या मशीनची होते, आणि त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. सेटमध्ये बरोबरच्या चिन्हाआधी जागा सोडू नका, ती नावातच धरली जाते. सेटएक्समध्ये ते चिन्ह नाहीच. नाव, जागा, आणि अवतरणात किंमत.

सेटएक्स केलं आणि त्याच खिडकीत तपासलं, तर नवी किंमत दिसत नाही. घाबरू नका. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना घरून डबा भरून निघाल्यासारखा व्हेरिएबलची नक्कल घेऊन निघतो. तो बुटीबोरीला पोचल्यावर घरी भाजी बदलली, तर डब्यात थोडीच बदलणार? नवी खिडकी उघडा.

आता खरा धोका. 'पाथ'मध्ये एक फोल्डर वाढवायला बरेच जण सेटएक्सला जुना पाथ आणि त्याला चिकटवून नवा पत्ता देतात. सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकतं. इशारा देतं, पण कापलेलंच जतन करतं! शिवाय तुमचा वैयक्तिक पाथ आणि सिस्टिमचा पाथ एकत्र कालवला जातो. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर 'स्लॅश एम'सकट हे झालं, तर दुसऱ्या दिवशी पायथन, जावा, काहीच सापडत नाही, आणि बॅच पंचवीस जणांची असते. म्हणून पाथ सेटएक्सने बदलूच नका, असं माझं स्पष्ट मत. त्यासाठी सेटिंगमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची खिडकी बरी. तिथे एकेक पत्ता वेगळ्या ओळीत दिसतो. तरीही आधी 'रेग एक्स्पोर्ट'ने रजिस्ट्रीतली ती नोंद फाइलमध्ये काढून ठेवा.

लिनक्सवाल्यांसाठी : 'एक्स्पोर्ट' त्या टर्मिनलपुरतं. कायमसाठी तीच ओळ होम फोल्डरमधल्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहा आणि पुन्हा लॉगिन करा.