जाहिरातीतला दावा, कोर्टातला दावा

नवी गाडी दारात आली की पेढा हातात पडण्याआधी प्रश्न येतो, 'ॲव्हरेज किती देते?' शोरूममधला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत थोडा फरक असणार, हे आपण धरूनच चालतो. पण फरक फारच मोठा असला तर? ग्राहकाचे नुकसान काही हजारांचे, कोर्टकचेरीचा खर्च त्याहून जास्त. म्हणून तो गप्प बसतो.

यावर अमेरिकेत 'क्लास ॲक्शन', म्हणजे सामूहिक दाव्याची सोय आहे. एकाच तक्रारीच्या हजारो ग्राहकांच्या वतीने एक-दोघे दावा लावतात. बाकीच्यांना नोटीस जाते. ज्याला बाहेर पडायचे असेल त्याने मुदतीत तसे कळवायचे. गप्प राहिला तर तडजोड त्याच्यावरही बंधनकारक.

होंडा कंपनीच्या सिव्हिक हायब्रिड गाडीबाबत असेच घडले. गॅलनला ५० मैल, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर, असा आकडा सांगितला गेला होता. प्रत्यक्षात गाडी बरीच कमी चालते, अशी मालकांची तक्रार होती. मार्च २०१२मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली. मालकाला रोख मिळणार होते १०० ते २०० डॉलर, शिवाय नवी गाडी घेताना सवलत. वकिलांची फी मात्र सुमारे ८५ लाख डॉलर!

कॅलिफोर्नियातल्या एका बाईंना हे पटले नाही. त्या सामूहिक दाव्यातून बाहेर पडल्या आणि किरकोळ दाव्यांच्या कोर्टात गेल्या. तिथे वकील उभा करता येत नाही. फेब्रुवारी २०१२मध्ये त्यांना ९,८६७ डॉलर मंजूर झाले. कंपनीने अपील केले आणि मे महिन्यात निकाल फिरला. बाईंच्या हाती काहीच उरले नाही.

मग सामूहिक दाव्याचा उपयोग काय? एकेकाला थोडेच मिळते, हे खरे. पण लाखो ग्राहकांची रक्कम एकत्र झाली की कंपनीला त्या तक्रारीकडे काणाडोळा करता येत नाही.

आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ३५ प्रमाणे, समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. पण तक्रारीला पुरावा लागतो. तेव्हा गाडीचे माहितीपत्रक, जाहिरातीचे कात्रण आणि पेट्रोलच्या पावत्या रद्दीत टाकू नका. तोंडी आश्वासनापेक्षा छापील कागद कोर्टात जास्त बोलतो.