मुलाचा व्यवसाय कोणता?

भिलाईसारख्या पोलादनगरीत ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून त्या गावाचा दिवस कारखान्याच्या पाळ्यांवर चालत आला आहे. अशा गावी एखाद्या बापाला सांगितले, की तुमच्या चार वर्षांच्या मुलाला व्यवसायोपचाराची आवश्यकता आहे, तर तो बुचकळ्यात पडेल. या वयात मुलाला कसला आला आहे व्यवसाय?

प्रश्न रास्त आहे. दोष असलाच तर नावाचा आहे. या शास्त्रात व्यवसाय म्हणजे केवळ चरितार्थ नव्हे. मनुष्याचा दिवस ज्या ज्या कृतींनी भरलेला असतो, त्या सर्वांना येथे व्यवसाय म्हणतात. चार वर्षांच्या मुलाने खेळावे, आपल्या हाताने जेवावे, सदऱ्याची गुंडी लावावी, पाटीवर रेघोट्या ओढाव्या, हाच त्याचा व्यवसाय. दुखण्याने तो हिरावून घेतला असेल, तर शक्य तितका परत मिळवून देणे हे रुग्णालयातील बालव्यवसायोपचार-तज्ज्ञाचे काम होय.

ही विद्या आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने कमला निंबकर यांना आहे. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह होऊन त्या भारतीय झाल्या, पुढे अमेरिकेत या विद्येचे शिक्षण घेतले, आणि १९५० साली मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. आशिया खंडातील ते पहिले मानले जाते. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक सदस्य-देशांत भारत होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही पुढे हे शिक्षण मिळू लागले.

त्या काळी पोलिओने पांगळी झालेली मुले फार असत. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील प्रेरक पेशी नष्ट करतो. स्नायूंना आज्ञाच पोहोचत नाही आणि ते लुळे पडतात. नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आज या तज्ज्ञांपुढे येणाऱ्या बालकांत मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, झालेली मुले पुष्कळ असतात. येथे इजा असते वाढत्या मेंदूला, आणि ती जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच झालेली असते. स्नायूंना आज्ञा मिळते, पण गोंधळलेली. मूठ उघडू जावे तो सारे अंग ताठते. ही इजा वाढत नाही. मूल मात्र वाढते. हाडे लांब होतात, ताठर स्नायू त्या मानाने लांबत नाहीत, आणि सांधे आखडू लागतात. म्हणून दिवस दवडून चालत नाही.

आता एक साधा घास घेऊ. मुलाला तो तोंडापर्यंत नेता येत नाही, अशी तक्रार घेऊन आई येते. तज्ज्ञ प्रथम पाहतो ते हाताकडे नव्हे, पायांकडे. पाय अधांतरी लोंबत असतील आणि कंबर घसरत असेल, तर मुलाचे दोन्ही हात स्वतःला सावरण्यातच गुंतलेले असतात. तेव्हा बैठक अशी हवी, की पावले टेकावीत आणि समोरची फळी कोपराच्या उंचीस यावी. थाळीला काठ हवा; ती सरकू नये म्हणून खाली ओले फडके पुरते. चमच्याच्या दांडीस चिंधी गुंडाळली, की पकड सुलभ होते. विदेशी ग्रंथांत विवेचन बहुधा काट्याचमच्याचे असते. आपल्या मुलाला मांडी घालून वरणभात बोटांनी कालवावयाचा असतो, आणि बोटांच्या दृष्टीने हे काम चमच्याहून अवघड आहे. म्हणून आरंभ पोळीच्या तुकड्याने करणे बरे.

शिकविण्याची एक रीत उलटी वाटेल. शेवटची पायरी प्रथम शिकवितात. मुलाचा हात धरून घास ओठांजवळ न्यावयाचा आणि उरलेले दोन बोटांचे अंतर त्याने काटावयाचे. घास तोंडात पडल्याचा आनंद त्याचा स्वतःचा असतो. मग अंतर वाढवीत न्यावयाचे. पूर्वी तज्ज्ञ आपल्याच हातांनी मुलाचे अवयव हलवीत, आणि मेंदू त्यातून शिकेल अशी आशा बाळगीत. मूल जे स्वतः होऊन, काही हेतूने करते तेच त्याला साधते, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. एकच बाजू दुबळी असेल, तर धडधाकट हात रोज काही तास पिशवीवजा मोज्यात बंद ठेवून दुबळ्या हाताला कामास लावतात. पाहणाऱ्याला हे निर्दय वाटते. पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केल्यास त्याचा गुण येतो.

रुग्णालयात मिळतो आठवड्याचा एखादा तास. मूल बारा तास जागे असते असे धरले, तर आठवड्याचे ८४ तास झाले. उरलेले ८३ घरचे. तेथेच खरी अडचण आहे. पहाटेच्या पाळीचा डबा करावयाचा, थोरल्याला शाळेत धाडावयाचे, या धांदलीत आई धाकट्याला पटापट भरविते. तिची माया खरी, आणि घाईही खरी. जाणता तज्ज्ञ तिला दोष देत नाही. एवढेच सुचवितो, की रात्रीचे एक जेवण तरी मुलावर सोडावे. निम्मे अन्न जमिनीवर सांडेल. ते पाहत हात आवरून बसणे आईला सर्वांत कठीण जाते.

सर्वच मुलांना हे साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींना आयुष्यभर भरवावेच लागते. तरीही तज्ज्ञाचे काम संपत नाही. आधी वरण हवे की भाजी, हे मुलाला नजरेने दाखविता यावे म्हणून दोन वाट्या किती अंतरावर ठेवाव्या, याची खटपट तो करीत राहतो.