हातांनी केलेले पाठांतर

मराठी शिकविणाऱ्या माणसाला पाठांतराचे भारी कौतुक. व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्यांना मीही आजवर सढळ हाताने गुण दिले. पण परवा थोरलीच्या नर्सिंग कॉलेजात पालकांसाठी ठेवलेले प्रात्यक्षिक पाहिले आणि माझा तो अभिमान पार उतरला.

जमिनीवर माणसाएवढी बाहुली निजवली होती. नॉर्वेतील खेळणी बनविणारे ऑस्मुंड लेर्डाल यांनी १९६० साली अशी पहिली बाहुली घडविली. तिला चेहरा दिला तो पॅरिसमधल्या एका अनाम तरुणीच्या मुखवट्याचा. ती सीन नदीत बुडून गेली, असे सांगतात. तिला वाचवायला कोणी नव्हते. तिच्या चेहऱ्यावर मात्र जग वाचवायला शिकले!

एका मुलीला नियम मुखोद्गत होते : तळहात छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास.

"छान. आता कर," बाई म्हणाल्या.

विसाव्या दाबालाच तिची कोपरे वाकली.

"हात ताठ! खांद्यांचा भार दे. अन् दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ दे, नाहीतर हृदयात रक्त भरायचे कसे?"

दोन मिनिटांनी दुसरीने जागा घेतली. थकलेला हात उथळ दाबतो, आणि ते दाबणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मला आमची स्टाफरूम आठवली. तीन वर्षांपूर्वी एक सहकारी तेथे बोलता बोलता कोसळले. श्वास जवळजवळ थांबलेला. भोवती आम्ही सात-आठ एम. ए., पीएच. डी. कोणी १०८ ला फोन केला, कोणी कांदा मागविला. मी पाण्याचा पेला घेऊन उभा! रक्त मिळाले नाही तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, हे आम्हांपैकी काहींनी वाचलेही असेल. पण गाडी येईपर्यंत त्यांच्या छातीला कोणाचा हात लागला नाही. ते गेले. कदाचित वाचले नसतेही. पण तो पेला माझ्या हातून अजून सुटलेला नाही.

प्रात्यक्षिक संपल्यावर मी संकोचत विचारले, "मी करून पाहू?"

बाईंनी जागा दिली. मी गुडघे टेकले. लेक मोठ्याने मोजू लागली. चाळिसाव्या दाबाला घाम फुटला.

"बाबा, कोपरे! नापास!"

वर्गातल्या साऱ्या मुली हसल्या, मीही हसलो. पुढच्या महिन्यात मी फेरपरीक्षेला बसणार आहे.