पद्मिनीला बुलेटचा सायलेन्सर

२०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा मध्य प्रदेशचा, घरातलं बोलणं मराठी आणि मोठा बाजार नागपूरचा. इथल्या एखाद्या संत्राबागायतदाराच्या शेडमधून ताडपत्रीखालची प्रीमियर पद्मिनी बाहेर निघाली, की इंजिन एक वेळ सुरू होतं, पण सायलेन्सर कुजलेला निघतो. त्याला कारण आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. बाजारापर्यंत जाऊन परत आलेल्या गाडीचा सायलेन्सर मात्र पुरता तापतच नाही. पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी बंद होऊनही आता दोन दशकं उलटली. मूळ मापाचा सायलेन्सर लगेच मिळत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात बुलेटचा मात्र पडलेला असतो. मग कोणी तरी म्हणतोच, ‘हाच बसवून टाकू ना!’

बसतो का? वेल्डिंगवाल्याला विचाराल तर बसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या माणसाला पाइपाला पाइप जोडणं अवघड नाही. प्रश्न धुराचा आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, बुलेट साडेतीनशेची. पण नुसत्या सीसीवरून अंदाज बांधला तर फसगत होते, कारण इंजिन किती वेगाने फिरतं यावरही धूर ठरतो. त्यापेक्षा अश्वशक्ती बघावी. जितकी ताकद, साधारण तितकं जळण आणि तितकाच धूर. पद्मिनीची ताकद चाळीसेक अश्वशक्ती, साडेतीनशेच्या बुलेटची वीसेक. म्हणजे एका सायलेन्सरमधून दुप्पट धूर कोंबायचा. गावात फिरताना काही जाणवणार नाही, पण हायवेवर चढ लागला की गाडी दम टाकेल आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नको तितके तापतील. धूर दोन वाटांनी काढून दोन सायलेन्सर लावले तर हिशेब जमतो. पाइप बारीक घेऊ नये. ३८ मिलिमीटरऐवजी ३२ मिलिमीटरचा पाइप टाकला, तर सहा मिलिमीटरच्या फरकाने धुराची वाट जवळपास तीस टक्क्यांनी अरुंद होते.

आवाजाचं गणित वेगळं. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बुलेटचं एकच सिलिंडर सेकंदाला २५ ठोके देतं. पद्मिनीची चार सिलिंडर त्याच वेगाला १०० ठोके देतात. सायलेन्सरमधले कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या विशिष्ट ठोक्यांच्या लाटा एकमेकींवर आपटून मरतील अशा बेताने आखलेल्या असतात. बुलेटच्या कप्प्यांत पद्मिनीचा आवाज गेला, तर कुठे तो दबेल आणि कुठे नेमका वाढून कानाला पत्र्यासारखा लागेल. सरळ नळीभोवती काचेची लोकर भरलेला सायलेन्सर त्या मानाने बरा. तो ठोके मोजत बसत नाही, उंच पट्टीचा आवाज शोषतो.

आतली जाळी काढलेला इंदोरी सायलेन्सर जुन्या गाडीला लावण्याचा मोह काही जणांना होतो. मला तो अत्याचार वाटतो. कायद्यालाही तो चालत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि २०१९ पासून आवाज-धुराचे नियम मोडल्याबद्दल दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो.

खरी जपायची गोष्ट शेपटीची. मोटरसायकल उघडी असते, तिचा धूर कुठेही सुटला तरी वारा घेऊन जातो. तोच आखूड सायलेन्सर गाडीच्या पोटाखाली संपला, तर धूर फ्लोअरच्या भोकांतून आत येतो, आणि चाळीस वर्षांच्या पद्मिनीच्या फ्लोअरला भोकं असतातच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणून पुढे पाइप जोडून तोंड बंपरच्या बाहेर काढायलाच हवं. दुसरं, गाडीचं इंजिन रबरावर हलतं. सायलेन्सर बॉडीला थेट वेल्ड करून पक्का केला, तर काही दिवसांत मॅनिफोल्डजवळ तडा जातो. रबराच्या पट्ट्यांवर टांगला तर टिकतो. सर्वांत खालच्या जागी बारीक भोक ठेवलं, तर पाणी तिथून गळून जातं.

काम झालं की लोक पीयूसी काढायला जातात. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, आणि नव्या जोडाची गाडी ती बरेचदा सहज पार करते. मालक खूश होतो. पण वाटेतला एखादा जोड फुटका असेल, तर दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तो बाहेरची हवा आत ओढतो, शेवटच्या तोंडाशी धूर पातळ होतो आणि यंत्रावरचा आकडा खाली येतो. तोच जोड उरलेल्या वेळात सीटखाली विष सोडत असतो. म्हणून पीयूसीच्या आधी इंजिन थंड असतानाच ते सुरू करावं, शेपटीचं तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबावं आणि प्रत्येक जोडापाशी फुसफुस ऐकावी.