एथिलीन ऑक्साइड

समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हें आमच्या बालवाचकांस भूमितीच्या वर्गांत शिकविलेलें आहेच. याच साध्या गोष्टीवरून रसायनशास्त्रांतील एका विलक्षण द्रव्याचा स्वभाव कसा उलगडतो, तें आज आम्ही सांगणार आहों.

एथिलीन ऑक्साइड हें त्या द्रव्याचें नांव. याच्या रेणूंत कर्बाचे दोन व प्राणवायूचा एक असे तीन परमाणु त्रिकोणाकृति जोडलेले असून, उज्जवायूचे चार परमाणु कर्बांस चिकटलेले असतात. कर्बाचे चार बंध मोकळेपणीं एकमेकांशीं सुमारें १०९ अंशांचा कोन करितात. येथें मात्र दोहोंस ६० अंशांत दाटीनें बसावें लागतें. त्यामुळें दोरी चढविलेल्या धनुष्याप्रमाणें हा त्रिकोण सदैव ताणलेला राहतो, आणि निमित्त मिळतांच कर्ब व प्राणवायु यांमधील बंध तुटून उघडतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनीं सन १८५९ मध्यें हें द्रव्य प्रथम तयार केलें. पुढें बराच काळ त्याकरितां क्लोरिन खर्चावा लागे, व तो अखेरीस क्षाररूपानें वायां जाई. सन १९३१ मध्यें लेफोर यांनीं, एथिलीन व प्राणवायु यांचा तप्त चांदीवर सरळ संयोग होतो असें दाखविलें. आजचे कारखाने याच मार्गानें चालतात.

उघडलेल्या त्रिकोणास पाणी भेटलें म्हणजे ग्लायकोल बनतें. त्यापासून पॉलिएस्टरचें वस्त्र होतें, व थंड देशांत मोटारींतील पाणी गोठूं नये म्हणून तेंच घालितात. अमोनिया भेटल्यास इथेनॉलअमाइनें मिळतात. ग्रिन्यार यांच्या मॅग्नेशियमयुक्त द्रव्याशीं संयोग झाला, तर कर्बांची सांखळी एकदम दोन परमाणूंनीं वाढते. बेंझीनच्या सहा कर्बांस असे दोन जोडले असतां जो मद्यार्क निघतो, त्यास गुलाबाचा सुगंध येतो !

परंतु ज्या ताणामुळें हें द्रव्य उपयोगी, त्यामुळेंच तें घातकहि आहे. सुमारें ११ अंश सेंटिग्रेडवर तें उकळतें. त्याची वाफ ठिणगीनें पेटते, इतकेंच नव्हे, तर हवा नसतांहि स्फोट पावते. तें जंतूंच्या प्रथिनांस व बीजद्रव्यास चिकटून त्यांचा नाश करितें. म्हणून उकळत्या पाण्यांत न टिकणारीं प्लॅस्टिकचीं वैद्यकीय उपकरणें बंद वेष्टनांतच या वायूनें निर्जंतुक करितात, व नंतर त्यांस दीर्घकाळ मोकळी हवा देतात. मात्र जंतु व मनुष्य हा भेद त्यास कळत नाहीं. हा वायु मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारा आहे, असा निर्णय सन १९९४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें दिला. शिवाय त्याचा वास नाकास जाणवूं लागतो, तोंपर्यंत हवेंतील त्याचें प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट झालेलें असतें. याकरितां कारखान्यांत नाकावर विसंबतां येत नाहीं. मापक यंत्रेंच ठेवावीं लागतात.

रुग्णास टोंचलेली निर्जंतुक सुई पाहतांना, ती निर्मळ करणाऱ्या कामगाराच्या रक्षणाचीहि आठवण आमच्या वाचकांनीं ठेवावी. पदार्थाचा गुण जाणणें हें अर्धें ज्ञान. त्याचा धोका जाणून दुसऱ्यास जपणें, हें उरलेलें अर्धें होय.