माणसाला बांधायची गाठ

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात दोराला तोटा नाही. बैलाचे दावे, धानाचे भारे बांधायचा दोर, विहिरीवरच्या बादलीचा दोर घरोघरी असतो आणि तो बांधणारे हातही तयार असतात. पण विहिरीत पडलेल्या माणसाला वर ओढताना हेच हात सवयीने सुरगाठ मारतात. ओढ बसली की सुरगाठ आवळते. भाऱ्याला ते हवेच असते. माणसाच्या छातीभोवती ती आवळली तर श्वास अडतो.

माणसासाठी न आवळणारा फास हवा. त्यासाठी बोलाइन ही गाठ. स्काउटमध्ये गेलेल्या मुलांना ती ठाऊक असते, मोठ्यांनीही शिकून घ्यावी. टोकाकडे अंगाभोवती पुरेल इतका दोर सोडून एक लहान वेढा घ्यायचा. वेढ्यात टोकाकडचा भाग वर राहिला पाहिजे. टोक खालून वेढ्यात घालून वर काढायचे, मुख्य दोराच्या मागून फिरवायचे आणि त्याच वेढ्यातून खाली सोडायचे. मग मुख्य दोर ओढून गाठ घट्ट बसवायची. फास काखेखालून जातो. कितीही भार पडला तरी त्याचा घेर तेवढाच राहतो, आणि नंतर गाठ सहज सुटते.

हीच तिची खोडही आहे. भार नसताना ती सैल पडते, गुळगुळीत प्लास्टिकच्या दोरात तर फारच. म्हणून टोक लांब ठेवून फासाच्या दोरावर आणखी एक गाठ मारतात. गिर्यारोहक आणि बचाव पथके आठच्या आकड्याच्या गाठीवर जास्त भिस्त ठेवतात, कारण ती चुकली तर नजरेला लगेच कळते. कुठलीही गाठ दोराची ताकद कमी करते. बोलाइनमध्ये साधारण तिसरा हिस्सा जातो, आठच्या गाठीत त्याहून कमी. जुना, उन्हाने पिचलेला दोर म्हणूनच माणसासाठी वापरू नये.

दोन दोर जोडायला बहुतेक जण सपाट गाठ मारतात. पट्टी बांधायला ती उत्तम, जीव टांगायला घातक: एक टोक हिसकले की ती उलगडते. क्लिफर्ड अ‍ॅश्ले यांनी 1944 च्या आपल्या गाठींच्या ग्रंथात याबद्दल कडक इशारा दिला आहे. आणखी एक गाठ जाणकारांनी तरी शिकावी. ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये मांडलेली ही गाठ बारीक दोरीने जाड दोरावर घालतात. मोकळी असताना ती सरकते, भार पडताच पकडते. तिच्या आधाराने माणूस दोरावर चढू शकतो.

दोराची गरज पुरातही पडते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस संजय सरोवर धरणाचे पाणी सोडले गेले आणि वैनगंगेने गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावे वेढली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात. त्या पोहोचेपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून तो काठावर अडकवू नये. दोर ताणला की प्रवाह त्याला पाण्याखाली दाबतो आणि ओल्या, ताणलेल्या दोराची गाठ त्याला सोडवता येत नाही. काठावरून दोर फेकावा, बुडणाऱ्याने तो हाताने धरावा, आणि ओढणाऱ्यांनी प्रवाहाच्या दिशेने खाली सरकत त्याला काठाकडे आणावे.

विहिरीचेही तसेच. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो किंवा प्राणवायू कमी असतो. पहिला कोसळला म्हणून दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा वेळी दोर कितीही चांगला बांधलेला असला, तरी श्वसनयंत्र असलेले पथक येईपर्यंत कोणालाही खाली सोडू नये.